अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल: रडारची दिशाजुळणी
अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पुढच्या गाडीचे अंतर बहुधा रडारने मोजते. हे रडार पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये असते. यंत्रणा बंद पडल्यास आधी तिथला चिखल पुसावा. पावसाळ्यात अनेकदा तेवढेच पुरते. बंपरवर लांबी भरून जाड रंग दिला असेल, तरीही लहरी अडतात.

खरी काळजी दिशेची. रडार एका अंशाने वळले, तरी १०० मीटरवर रोख सुमारे पावणेदोन मीटर सरकतो आणि शेजारच्या लेनमधली गाडी समोरची वाटू शकते. नुसता एरर कोड पुसून हे सुधारत नाही. धडकेनंतर कॅलिब्रेशन करावेच, पण व्हील अलाइनमेंट तपासल्यावर. कारण रडार गाडीच्या सरळ चालीशी जुळवायचे असते. मॉडेलनुसार समोर ठरावीक अंतरावर परावर्तक ठेवून किंवा स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर चालवून ही जुळणी होते.