जागच्या जागी

ज्या घरात मुले आहेत त्या घरात पसारा असायचाच, असे मोठी माणसे म्हणतात. आणि तो आवरला नाही म्हणून मुलांना बोलणी बसतात, हेही नेहमीचेच आहे. मूल आळशी आहे, वेंधळे आहे, असा शिक्का मारणे सोपे असते. परंतु पसारा का होतो याचा शांतपणे विचार केला, तर पुष्कळदा दोष मुलाच्या स्वभावात नसून खोलीच्या मांडणीत असल्याचे आढळते.

इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांना ही गोष्ट एका साध्या प्रसंगातून उमगली. रोम शहरातील सान लोरेन्झो ही कष्टकऱ्यांची वस्ती. आईबाप कामावर गेले की लहान मुले दिवसभर जिन्यांवर हुंदडत आणि भिंती खराब करीत. अशा सुमारे 50 मुलांसाठी 6 जानेवारी 1907 रोजी तेथे एक बालगृह उघडण्यात आले व त्याची देखरेख माँटेसरीबाईंकडे आली. मुलांचे साहित्य एका मोठ्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले असे. शिक्षिका ते काढून देई व काम संपल्यावर पुन्हा कपाटात ठेवी. त्या वेळी मुले तिच्या मागोमाग जात. कितीही वेळा जागेवर बसविले तरी ती पुन्हा येत. वस्तू आपल्या हातांनी जागेवर ठेवाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

एके दिवशी कपाटाला कुलूप लावावयाचे राहून गेले आणि शिक्षिकेला यावयास उशीर झाला. ती येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडून वस्तू घेण्यास सुरुवात केलेली! ही चोरीच आहे, असे तिला वाटले. माँटेसरीबाईंनी मात्र त्याचा निराळा अर्थ लावला. मुलांना आता प्रत्येक वस्तूची ओळख पटली आहे आणि हवी ती निवडण्याइतकी समज आली आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे उंच कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटे आली. मुले स्वतः वस्तू घेऊ लागली व स्वतःच परत ठेवू लागली. प्रत्येक साधन एकच असल्यामुळे ते जागेवर गेल्यावाचून दुसऱ्याला मिळत नसे. त्यामुळे व्यवस्था ही शिक्षिकेची आज्ञा न राहता सर्वांची गरज झाली.

घरातील खोलीलाही हाच नियम लागू पडतो. वस्तू काढताना मुलाच्या मनात उत्साह असतो. ठेवताना तो ओसरलेला असतो. म्हणून काढण्यापेक्षा ठेवणे अधिक सोपे असले पाहिजे. खुंटी डोक्याच्या वर असेल, तर सदरा खाटेवरच पडणार. चार डबे बाजूला केल्यावाचून खेळण्यांची पेटी उघडत नसेल, तर खेळणी जमिनीवरच राहणार. तीच खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर ठोकली आणि पेटीचे झाकण काढून टाकले, की निम्मे काम न बोलता होते.

प्रत्येक वस्तूची जागा तिच्या उपयोगावरून ठरवावी. रोजची पुस्तके व वह्या अभ्यासाच्या जागेजवळ, जड वस्तू खाली आणि क्वचित लागणाऱ्या वस्तू वरच्या फळीवर असाव्यात. गोट्या, सागरगोटे, रंगखडू यांसाठी निरनिराळे डबे करावेत. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी डब्यावर आतील वस्तूचे चित्र चिकटवावे. सगळी खेळणी एकाच वेळी बाहेर नसावीत. काही बांधून ठेवून महिन्याभराने काढली, तर जुनेच खेळणे पुन्हा नवे वाटते. पावसाळ्यात तर ही काळजी विशेष घ्यावी लागते. ओला टॉवेल कपड्यांच्या ढिगात गेला की सगळ्यांना कुबट वास येतो, आणि भिंतीलगत ओलीत पडलेल्या पुस्तकांना वाळवी लागते.

यासाठी स्वतंत्र खोली किंवा महागडे कपाट हवेच असे नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. तेथे परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून स्वस्त साधने बनविण्यावर त्यांचा भर होता. घरातही एक फळी, एक कोनाडा, दोन खुंट्या आणि चार रिकामे डबे एवढ्यावर मुलाचा कोपरा उभा राहतो.

मोठ्यांनी एक पथ्य मात्र पाळावयास हवे. मूल शाळेत गेलेले पाहून त्याचा कोपरा परस्पर आवरू नये. तसे केल्याने खोली स्वच्छ दिसते, पण कोणती वस्तू कोठे गेली हे मुलाला कळत नाही. मोठ्यांना केरात टाकावासा वाटणारा खडा किंवा पक्ष्याचे पीस मुलाच्या दृष्टीने मोलाचे असते. काय ठेवावे व काय टाकावे हे त्यालाच विचारावे. ‘खोली आवर’ एवढे म्हटल्याने कोठून प्रारंभ करावा ते लहान मुलाला समजत नाही. ‘आधी पुस्तके फळीवर ठेव’ असे म्हटल्यास समजते. पहिले काही दिवस सोबत बसून आवरावे व मग हळूहळू आपला हात काढून घ्यावा.

अशा घरातील मुलाला पेन्सिल हरवली म्हणून आईला हाक मारावी लागत नाही. आपली वस्तू आपण ठेवली आहे व ती आपल्याला सापडेल, हा विश्वास त्याच्या मनात असतो. स्वतःवरचा हा विश्वास हीच नीटनेटकेपणाची खरी कमाई होय.