वाढत्या मापाची गिटार नको

शाळेच्या स्नेहसंमेलनात वरच्या वर्गातल्या एका दादाने गिटार वाजवली आणि घरी येताच सात वर्षांच्या मुलीने हट्ट धरला, 'बाबा, मलाही गिटार हवी!' आजीचे म्हणणे, आधी पेटी शिकू दे, सूर पक्के होतील. आईला वाटते, कथक बरे. पण झाशी असो की जळगाव, अशा वादात शेवटी जिंकतो तो हट्टच.

मग बाबा तिला स्कूटरवर बसवून बाजारात नेतात. दुकानदार भिंतीवरची चकचकीत गिटार काढतो आणि म्हणतो, 'यही ले लीजिए भाईसाहब, बच्ची तो बड़ी हो ही जाएगी!' बाबांनाही ते पटते. फ्रॉक वाढत्या मापाचा, बूट एक नंबर मोठे, मग गिटारच तेवढी बेताची कशाला?

तीन महिन्यांत ती गिटार कपाटावर जाते. बोटे दुखतात, खांदा अवघडतो, तारा नुसत्या भुणभुणतात. 'हिला गतीच नाही,' असा शिक्का घरातलीच माणसे मारतात. सात वर्षांच्या मुलीला तो खराही वाटतो आणि पुढे कुठलेही वाद्य हातात घ्यायला ती बिचकते. खरे तर त्या गिटारीवर तिच्याच वयाच्या कुठल्याही मुलाचा हात पोचला नसता.

मोठा बूट पायातून निसटतो, पण त्यात कापूस कोंबून चालता येते. गिटारीला तशी सोय नाही. दांड्यावर सतारीसारखे पडदे असतात आणि त्यांच्यातले अंतर गिटारीच्या लांबीवर ठरते. लांबी वाढली की पहिले पडदे दूर दूर जातात आणि लहान बोटे ताणूनही तिथे पोचत नाहीत.

म्हणूनच व्हायोलिनप्रमाणे गिटारही पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत मिळते. नावावर मात्र जाऊ नये. अर्धी गिटार लांबीने निम्मी नसते. पूर्ण मापाच्या गिटारीत तारेची वाजणारी लांबी सुमारे ६५ सेंटीमीटर असते, पाऊण मापात साधारण ५८, अर्ध्यात ५३ आणि पावात ४८. कारखान्यागणिक यात थोडा फरक पडतो.

शिंप्याची टेप बरोबर न्या

दुकानात जाताना घरातली मोजपट्टी पिशवीत टाकावी. दांड्याच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, खाचा पाडलेली एक पट्टी असते. तिथून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करावे, म्हणजे वाजणारी लांबी कळते. दुकानदार गिटार सांगतो ती बहुधा इंचांत आणि टोकापासून टोकापर्यंत: ३० इंची म्हणजे पाव, ३४ अर्धी, ३६ पाऊण, ३९ पूर्ण. फसगत होते ती ३८ इंचीत. 'नवशिक्यांची' म्हणून ती खपवली जाते, पण ती जवळजवळ मोठीच असते.

वयापेक्षा उंची बघणे चांगले. ११५ सेंटीमीटरपर्यंत उंची असेल तर पाव, १३५ पर्यंत अर्धी, १५० पर्यंत पाऊण आणि त्यापुढे पूर्ण, असा ढोबळ हिशेब धरावा. सात वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा अर्धीच लागते. पण खरी परीक्षा खुर्चीवर. मूल पाय टेकवून बसले की उजवा हात गिटारीच्या पोटावरून खाली यावा, मात्र खांदा कानाकडे उचलला जाता कामा नये. डाव्या हाताचे कोपर थोडे वाकलेले राहून बोटे पहिल्या पडद्यापर्यंत पोचावीत. मूल मान वाकडी करून बोटे शोधू लागले तर ती गिटार परत भिंतीवर टांगावी, रंग कितीही आवडलेला असो.

तारांचाही प्रश्न आहेच. लहान हातांना नायलॉनच्या तारा मऊ पडतात, लोखंडी तारा बोटांना काचतात. नायलॉनच्या गिटारीवर हौसेने लोखंडी तारा चढवू नयेत, त्यांच्या ताणाने घोडी उखडून येते. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तरी दाबताना मूल रडकुंडीला येते. बाराव्या पडद्यापाशी तीन-चार मिलिमीटर अंतर पुरे.

घरात कोणाला सुराची जाण असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. मोकळी तार षड्ज धरली तर बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार बरोबर तार षड्ज बोलली पाहिजे. स्वस्त लहान गिटारींत ती पुष्कळदा बेसूर बोलते. पेटीचा आग्रह धरणाऱ्या आजीला दुकानात न्यावे ते इथे.

आणि हो, मागताना 'स्पॅनिश' गिटार मागावी. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची ती हवाईयन. व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांतून ती घरोघर पोचवली. १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवणारे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच वंशातली. वाद्य सुरेख, पण मुलीचा हट्ट त्याचा नाही.

झाशीचा मे महिना

लहान मापाची गिटार दुकानात मांडलेली नसेल तर चार दिवस थांबून मागवून घ्यावी. दिल्लीची गाडी रोजचीच आहे. घरी आल्यावर मात्र तिला झाशीच्या उन्हाळ्यापासून जपायला हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, लू सुटते आणि लाकूड सुकून आकसते. त्यात संध्याकाळी कूलर लागला की तेच लाकूड ओल पिऊन फुगते. या ओढाताणीत वरची फळी तडकते, सांधे सुटतात. कूलरसमोर, पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत गिटार ठेवू नये. आतल्या भिंतीच्या कपाटात, पिशवीत घालून ठेवली की बरी राहते.

राहिला खर्चाचा प्रश्न. मूल दोन-तीन वर्षांत अर्ध्यावरून पाऊण मापावर जाते, हे खरे. पण धड ठेवलेल्या लहान गिटारीला गिऱ्हाईक मिळते. शिकवणाऱ्या सरांकडे विचारले तर मापातून वाढलेल्या एखाद्या मुलाची जुनी गिटारही मिळून जाते. फक्त ती घेतानाही टेप पिशवीत असू द्यावी.