गळती मोजण्याची कसोटी

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेल्या ८२ मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

शैक्षणिक सुधारणांची कसोटी आजही हीच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुळात आठवीपर्यंत नापास करणे थांबविले. पटावर नाव टिकले. मूल टिकले का, हे नववी-दहावीत कळते. म्हणून दाखल-खारीज रजिस्टरमधील पहिलीच्या प्रत्येक नावाचा दहावीपर्यंत माग घ्यावा. दाखला नेलेले मूल दुसऱ्या शाळेत गेले की वीटभट्टीवर, हेही पाहावे. नागपुरातील आपली निवासी शाळाही याच मापाने मोजावी. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गातून सुटलेली नावे अवश्य कळवावीत.