पुढे ओढलेली कामे

व्यापारी कुटुंबाला हिशेब शिकवावा लागत नाही. ज्या घरात रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद होत नाही, ज्या घरातील मूल अक्षरांबरोबरच जमा आणि नावे ओळखू लागते, त्या घरात पैशाची नोंद चुकणे हा अपवादच. आश्चर्य याचे वाटते, की पै-पैची नोंद ठेवणारे आपण दिवसाच्या तासांचा हिशेब मात्र तोंडीच ठेवतो. आणि कोणी कामांची यादी केलीच, तर ती रोजमेळासारखी रात्री जुळवून पाहत नाही. हा लेख अशा न जुळवलेल्या यादीविषयी आहे. त्यातील अनुभव, दुर्दैवाने, स्वतःचाच आहे.

आमचे घाऊक कापडाचे दुकान. गेली वीस वर्षे मी सकाळी गादीवर बसताच डायरीत दिवसाची कामे लिहितो. पंधरा-सोळा ओळी होतात. संध्याकाळपर्यंत दहा-अकरा खोडल्या जातात. उरलेल्या मी दुसऱ्या दिवशीच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतो. आपण फार शिस्तीचे आहोत, असा माझा समज होता.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सनदी लेखापालांचा फोन आला. मागील आर्थिक वर्षातील काही खरेदी-बिले पुरवठादाराने आपल्या विवरणात दाखवलीच नव्हती, त्यामुळे ती आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटली नव्हती. जे तेथे उमटत नाही, त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. आणि मागील वर्षाचे राहिलेले क्रेडिट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. आमचे ४२ हजार रुपये गेले. पुरवठादाराला दोष देणे सोपे होते. परंतु त्या रात्री डायरी उघडली, तेव्हा ‘टू-बी जुळवणे’ ही ओळ ऑगस्टपासून माझ्याच हस्ताक्षरात ३१ वेळा लिहिलेली आढळली. काम विस्मरणात गेले नव्हते. रोज आठवणीने पुढे ओढले गेले होते.

एखादे गिऱ्हाईक ३१ वेळा ‘उद्या देतो’ म्हणाले, तर आपण काय करतो? येणे किती दिवसांचे झाले हे पाहतो. तीस दिवसांच्या उधारीला आठवण पुरते, साठ दिवसांच्या उधारीला माणूस पाठवावा लागतो आणि नव्वदच्या पुढे गेलेली रक्कम मनातून संशयित खात्यात जाते. कामांना मात्र आपण वयच देत नाही. नव्या पानावर उतरलेले जुने काम नवेच दिसते, ही यादीची मोठी फसवणूक आहे.

काही ठरावीक कामेच का पुढे ओढली जातात, याचे उत्तर दुकानात बसणाऱ्याला शोधावे लागणार नाही. गिऱ्हाईक समोर उभे असते, दलालाचा फोन वाजत असतो, ट्रान्सपोर्टची गाडी दारात असते. या कामांना आवाज आहे. साठ्याची मोजणी, जुन्या खात्यांची जुळवणी, मुलाला खरेदीचे बारकावे समजावणे, यांना आवाज नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९५४ साली एव्हन्स्टन येथील भाषणात एका माजी महाविद्यालय-प्रमुखांचा दाखला देऊन तातडीचे आणि महत्त्वाचे यांतील भेद सांगितला होता. १९८९ साली स्टीफन कव्ही यांच्या पुस्तकाने त्याचा चार घरांचा तक्ता जगभर पोहोचवला. तक्ता देखणा आहे, पण सकाळी दहाच्या घाईत चार घरे कोण आखणार? मी एकच प्रश्न विचारतो : या कामासाठी आज मला कोणी फोन करणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल आणि काम खरोखरच करायचे असेल, तर ते पहिल्या तासात ठेवतो; कारण दुपारनंतर त्याची बाजू घेणारे कोणीही नसते.

हे शहाणपण पैसे गमावून आले, तर ते स्वस्तात मिळाले असे म्हणता आले असते. पण त्याच पानांवर आणखी एक ओळ होती : ‘आईचे डोळे दाखवणे’. आई दोनदा म्हणाली होती, की उजव्या बाजूने येणारे माणूस जवळ येईपर्यंत दिसत नाही. मी ‘सीझन उरकला की जाऊ’ म्हटले. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली जपता येते, एवढेच. आईने मला कधी बोल लावला नाही.

त्यानंतर आम्ही यादीची पद्धत बदलली. काम पुढे गेले, की त्याच्यापुढे एक ठिपका द्यायचा. तिसरा ठिपका पडला, की ते नुसते उतरवून घेण्याची मुभा नाही : त्याच दिवशी करायचे, किंवा नाव आणि दिवस ठरवून दुसऱ्याकडे सोपवायचे, किंवा कॅलेंडरवर पक्की तारीख द्यायची, नाहीतर सरळ खोडून टाकायचे. खोडण्याला संकोच करू नये. आमच्या यादीतील ‘जुने नमुने लावून ठेवणे’ हे काम खोडल्यावर कोणाचेही काही अडले नाही.

दुसरा बदल शब्दांचा. ‘टू-बी जुळवणे’ हे काम नव्हते, कामांचे गाठोडे होते. म्हणून हात धजत नव्हता. आता मी ‘एप्रिलची खरेदी-बिले फाईलमधून काढणे’ असे लिहितो. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की अपुरे काम मनात घोळत राहून इतर कामांत व्यत्यय आणते. परंतु ते कसे करायचे याची नेमकी योजना आखली, की ते पूर्ण होण्याआधीच हा व्यत्यय ओसरतो. गाठोडे सुटले की रात्रीची झोपही सुधारते, हा माझा अनुभव.

मुदतीच्या कामांची वेगळी यादी हवीच, आणि ती भिंतीवर हवी. टीडीएसचा भरणा ७ तारखेला, मासिक विवरण भरणाऱ्यांचे जीएसटीआर-१ ११ तारखेला, भविष्य निर्वाह निधी १५ ला, ३-बी २० ला. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. या गोष्टी रोज सकाळी आठवत बसणे व्यर्थ आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. सामायिकाची ४८ मिनिटे आपल्या घरांत कोणी मोडत नाही; फोन वाजला तरी माणूस उठत नाही. धर्मक्रियेची दुकानाशी तुलना करण्याचा हेतू नाही, पण एवढा वेळ आपण अखंड बसू शकतो, हे तर त्यातून सिद्ध होतेच. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक येण्यापूर्वीची तेवढीच मिनिटे मी बिनआवाजाच्या कामाला देतो. तसेच चौविहार पाळणाऱ्या घरात दिवसाची लांबी बदलते. पुण्याकडे ज्येष्ठात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, मार्गशीर्षात सहाच्या सुमारास. हिवाळ्यात जेवणासाठी तासभर आधी उठायचे, तर त्या दिवसांची यादी सोळा ओळींची असून कसे चालेल? आमची आता आठच ओळींची असते.

शनिवारी जेवणानंतर सूनबाई डायरी घेऊन बसतात आणि तीन ठिपक्यांच्या ओळी मोठ्याने वाचतात. घरची यादीही त्याच वहीत असते. मागच्या शनिवारी माझ्या दोन निघाल्या, चिरंजीवांच्या चार. आईच्या डोळ्यांची पुढची तपासणी १४ तारखेला आहे. ती ओळ कॅलेंडरवर आहे, आणि त्या सकाळी दुकान चिरंजीव उघडणार आहेत.