शकुंतला बदलली!

31 ऑक्टोबर 1880. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पहिल्यांदा रंगमंचावर आलं. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्या रात्री शकुंतला कोण झालं होतं, हे विचारा बरं कुणाला! उत्तर आहे शंकरराव मुजुमदार. आणि गंमत अशी की संगीत नाटकाच्या या पहिल्या नायिकेचा गळा काही गाण्याचा नव्हता.

1882 साली बडोद्याहून एक तरुण किर्लोस्करांच्या नाटक कंपनीत आला, भाऊराव कोल्हटकर. त्याने तोंड उघडलं आणि शकुंतला बदलली. भूमिका काढून घेतल्यावर नट काय करतो? रुसतो, कंपनी सोडतो, फार तर दुसऱ्या कंपनीत जाऊन पहिलीला शिव्या देतो. मुजुमदार तिथेच राहिले. पुढे त्यांनी कंपनीचा कारभार हाती घेतला, 'रंगभूमि' नावाचं मासिक चालवलं. 1905 साली मिरजेत नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला, तेव्हा कंपनीच्या चालकांत हेच मुजुमदार होते. त्या मुलाला आपण बालगंधर्व म्हणून ओळखतो. पहिली शकुंतलाच पुढच्या शकुंतलेला रंगमंचावर आणत होती! मराठी नाटकाच्या इतिहासात याहून देखणी सोयरीक मला तरी माहीत नाही.

आता प्रेक्षकांकडे वळू. नवा नट आला की रसिक एवढे का भांडतात? गद्य नाटकातही नट बदलतात, चार दिवस कुरकुर होते आणि मग सगळे विसरतात. गाणारा नट बदलला की मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतो. हे असं का, याचं उत्तर पदाच्या पोटात दडलंय.

नाट्यपद म्हणजे काय? कवीने शब्द लिहिले, कुणीतरी चाल दिली. पण चाल म्हणजे नुसता सांगाडा. कुठे थांबायचं, कुठला शब्द पुन्हा घ्यायचा, तान कुठून उचलायची, समेवर कसं यायचं, हे सगळं गाणारा भरतो. रसिक त्याला 'जागा' म्हणतात. अमुक ओळीवर बुवा अमुक जागा घेतात, हे पिटातल्या माणसालाही पाठ असायचं. ती जागा आली की वन्समोअर. नवा नट तीच जागा घेईल तर 'नक्कल करतो', नाही घेणार तर 'याला येतच नाही'. दोन्हीकडून मार!

त्यात पट्टीचा मामला. प्रत्येक गळ्याचा 'सा' वेगळा. नायक बदलला की पेटीवाल्याची बोटं वेगळ्या पट्ट्यांवर जातात, तबला नव्या सुरात मिळवावा लागतो. तेच पद दोन सूर वर चढवा, तार सप्तकातली ओळ एकदम टोकदार होते. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात अशी ओळ पार मागच्या रांगेपर्यंत पोचायची. खाली उतरवा, तेच पद मऊ होतं. एक अक्षर न बदलता पदाचा स्वभाव पालटतो! प्रेक्षकाला 'सा' कुठला ते सांगता येत नाही, पण काहीतरी हललंय हे त्याच्या कानाला बरोबर कळतं. भांडणाची ठिणगी तिथे पडते.

आणि आता खरी नवलाची गोष्ट. भाऊराव कोल्हटकर पुढे पुरुषभूमिकांकडे वळले आणि फेब्रुवारी 1901 मध्ये गेले. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झालं 1902 साली. म्हणजे दोन वर्षांच्या आतच चुकामूक! ज्या आवाजाने संगीत नाटक उभं केलं, तो आवाज ऐकण्याची सोयच उरली नाही. विचार करा, बालगंधर्वांना कुणाशी तोलायचं होतं? ज्याचा कुठलाही पुरावा नाही, अशा आवाजाशी. 'तुम्ही भाऊराव ऐकलेत का?' असं एखाद्या म्हाताऱ्याने विचारलं की समोरच्याचं तोंड बंद. आठवणीशी झालेल्या जुगलबंदीत जिवंत गवई कसा जिंकणार?

तरीही बालगंधर्व टिकले, कारण त्यांनी भाऊरावांसारखं गायचा अट्टहास धरला नाही. पुढे त्यांच्या तबकड्या निघाल्या, घरोघरी वाजल्या. त्यामुळे त्यांच्या जागेवर येणाऱ्याचं काय झालं, ते पाहा.

1930च्या दशकाच्या अखेरीस बालगंधर्वांच्या नाटकांत गोहर कर्नाटकी नायिका म्हणून उभ्या राहू लागल्या. पुरुषाने अजरामर केलेल्या स्त्रीभूमिकेत आता खरोखरीची स्त्री आली. लोक खूश झाले असतील? छे! गंधर्वभक्त चिडले. आणि त्या गात कशा होत्या? हुबेहूब बालगंधर्वांसारख्या! ती गायकी त्यांनी इतकी आत्मसात केली होती की डोळे मिटले तर फसगत व्हावी. पुरुषाने स्त्रीचं गाणं घडवायचं, मग स्त्रीने त्या पुरुषाचं गाणं शिकून स्त्री व्हायचं! हा उलटसुलट प्रवास जगाच्या रंगभूमीवर आणखी कुठे सापडेल? रसिकांनी गोहरबाईंना त्या काळी न्याय दिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्या गाण्यावर बोलायचं सोडून लोक त्यांच्याबद्दलच बोलत राहिले.

दुसरी तऱ्हा 'मानापमान'ची. 1911 साली नाटक आलं तेव्हा नायक धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. त्यांच्या निधनानंतर पंचाईत झाली. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत धैर्यधर झाले कोण, तर खुद्द चाली देणारे गोविंदराव टेंबे! पेटीवर बसून दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेल्या चाली स्वतःच्या गळ्यातून काढायच्या, तेही समोर बालगंधर्वांची नायिका भामिनी असताना. मग 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर प्रतिस्पर्धी कंपनीचे केशवराव भोसले. दोन्ही पक्षांचे भक्त एकाच थिएटरात! कोण सरस यावर अजूनही एकमत नाही, आणि ते होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी.

पुढे दीनानाथ मंगेशकरांनी त्याच धैर्यधराच्या पदांच्या चालीच बदलून टाकल्या. केवढं हे धाडस! लोकांच्या ओठांवर बसलेली चाल काढून तिथे आपली बसवायची. आज धैर्यधराची पदं म्हटली की बहुतेकांच्या कानात दीनानाथच वाजतात. मूळ चाली जाणकारांपुरत्या राहिल्या.

दीनानाथांच्या या आक्रमक गायकीची मोहिनी पडलेला एक मुलगा नागपुरात वाढत होता, वसंतराव देशपांडे. 1967 साली पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये ते खाँसाहेब झाले. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. या नाटकाची गोष्टच दोन घराण्यांच्या ईर्षेची, म्हणजे 'कोणाचं गाणं श्रेष्ठ' हा रसिकांचा नेहमीचा वाद थेट रंगमंचावर! 1983 साली वसंतराव गेले. त्यांचे शिष्य चंद्रकांत लिमये यांनी खाँसाहेब उभा केला, आणि 2010 साली नातू राहुल देशपांडे त्या भूमिकेत आले.

इथे भांडणाची रीतच बदलली होती. भाऊरावांच्या वेळी पुरावा नव्हता. राहुलच्या वेळी पुरावाच पुरावा. आजोबांचं ध्वनिमुद्रण प्रत्येकाकडे, कुठली तान कुठे येते ते सेकंदासकट माहीत. आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता, पण प्रेक्षकांनी त्याला आजोबांच्याच शेजारी उभं केलं. आणि 2015 साली 'कट्यार'वर चित्रपट आला तेव्हा तर भूमिकेचे चक्क दोन तुकडे झाले. चेहरा सचिन पिळगावकरांचा, गळा राहुलचा! नट बदलला, गाणारा तोच राहिला. मुजुमदारांच्या काळी अशी सोय असती तर शकुंतला बदलावीच लागली नसती.

वाद घालायचाच असेल तर एक करा. 'कट्यार'मधलं एकच पद आधी वसंतरावांचं ऐका, मग लगेच राहुलचं. तानांची मोजदाद करू नका. रागावलेला खाँसाहेब कुठे ऐकू येतो आणि हरलेला कुठे, तेवढं पाहा. माझं मत विचाराल तर राग आजोबांचा, हार नातवाची.