दोन अणूंची बेरीज कुठे चुकते?

समजा, हेलियमचा एक अणू मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाच्या काठावर आहे आणि दुसरा पुण्यात. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मग दोघांची मिळून ऊर्जा किती? एकाच्या दुप्पट, यात विचारण्यासारखं काय! पण क्वांटम केमिस्ट्रीतली एक जुनी, नावाजलेली पद्धत या बेरजेत नापास होते. ही बेरीज जुळण्याच्या कसोटीला 'साइज कन्सिस्टन्सी' म्हणतात.

रेणूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत फिरतात. हे हिशेबात धरायचं, तर इलेक्ट्रॉन नेहमीची जागा सोडून वरच्या पातळीवर गेल्याच्या असंख्य शक्यता मिसळाव्या लागतात. सगळ्या धरल्या तर महासंगणकही दमतो. म्हणून 'सीआयएसडी' ही पद्धत मर्यादा घालते: एका वेळी जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन वर.

हेलियममध्ये मुळात इलेक्ट्रॉनच दोन. एकट्या अणूला ही मर्यादा आड येत नाही. पण दोन्ही अणू एकत्र मोजायला घेतले, की धामापूरचे दोन आणि पुण्याचे दोन असे चौघे एकाच वेळी वर जाऊ शकत नाहीत. पुण्याचे गेले तर धामापूरच्यांनी थांबायचं! निसर्गात अशी अट नाही. त्यामुळे उत्तर दुपटीपेक्षा थोडं वर, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी स्थिर येतं. अणू वाढतात तशी दर अणूमागची चूकही वाढते.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं? रासायनिक बंध तोडायला किती ऊर्जा लागेल, हे वजाबाकीने काढतात. एकूण ऊर्जेचे आकडे प्रचंड, फरक इवलासा. सुटे तुकडे अचूक आणि अख्खा रेणू ढोबळ मोजला, तर त्या फरकाचं काही खरं नाही. 'डेव्हिडसन दुरुस्ती' लावली की चूक कमी होते, पण पुसली जात नाही.

1966 मध्ये यिरी चिझेक यांनी रेणूंसाठी 'कपल्ड क्लस्टर' पद्धत मांडली. तिच्यात धामापूरच्या जोडीची शक्यता आणि पुण्याच्या जोडीची शक्यता यांचा गुणाकार आपोआप येतो, म्हणजे चौघे एकत्र वर गेल्याचाही हिशेब होतो. बेरीज जुळते.

मात्र बंध ताणताना इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचं सुरुवातीचं चित्रच चुकीचं असेल, तर हीसुद्धा अडखळते. तिथे एकाऐवजी अनेक मांडण्यांपासून सुरुवात करावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांनी याच 'मल्टिरेफरन्स' कपल्ड क्लस्टरवर अनेक वर्षं काम केलं. पुढे ते तिथले संचालकही झाले.