युरोपचा प्रवास : सहल कंपनीबरोबर की स्वतःच्या हिमतीवर?

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन भावांच्या बॅगा एकदमच उघडल्या. थोरले बंधू पत्नी आणि आईला घेऊन सहल कंपनीबरोबर बारा दिवसांत सात देश पाहून आले होते. धाकटे बंधू पत्नी, सतरा वर्षांची मुलगी व दहा वर्षांचा मुलगा यांच्यासह स्वतः तिकिटे काढून, स्वतः मुक्काम ठरवून ब्रसेल्स, पॅरिस, झुरिच, फ्लॉरेन्स आणि रोम अशी पाच शहरे करून आले होते. सायंकाळी सारे जेवायला एकत्र बसले आणि वाद सुरू झाला.

थोरले म्हणाले, "आमचा स्वयंपाकी महाराज रोज वेळेवर गरम फुलके वाढत होता. तुम्ही एवढे पैसे खर्चून तिकडे जाऊन भांडी घासलीत."

धाकट्यांनी उत्तर देण्याआधीच त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दादा, भांडी यांनी नाही, मी घासली."

सारे हसले, पण त्या एका वाक्यात या वादाचे मर्म होते. सहल कंपनी सोडली की तिने उचललेला भार नाहीसा होत नाही. तो घरातीलच कोणाच्या तरी खांद्यावर येतो. कोणाच्या, हे निघण्यापूर्वी ठरवावे लागते.

कागदपत्रे आणि रेल्वे

पहिला भार कागदपत्रांचा. शेंगेन व्यवस्थेत आज 29 देश असून एकाच व्हिसावर त्या सर्वांत फिरता येते. मात्र कोणत्याही 180 दिवसांत मुक्काम 90 दिवसांहून अधिक होता कामा नये. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेत नाहीत. अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे आहे त्या देशाकडे. या कुटुंबाचा अधिक मुक्काम इटलीत असल्याने अर्ज इटलीकडेच केला गेला. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, तर सहा वर्षांपासून बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी 45 युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज स्वीकारला जातो, तरीही बहुतेक घरांत ही कामे शेवटच्या महिन्यावर ढकलली जातात आणि मग साऱ्या घराची झोप उडते.

दुसरा भार रेल्वेचा. आणि या कुटुंबाची खरी फजिती तेथेच झाली. युरेल पास हाती असला म्हणजे कोणत्याही गाडीत बसता येते, असा धाकट्या बंधूंचा समज होता. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना पास असला तरी आसनाचे आरक्षण स्वतंत्रपणे व वेगळे शुल्क भरून करावे लागते, आणि पासधारकांसाठी राखलेल्या जागाही मर्यादित असतात. पॅरिसच्या स्थानकावर झुरिचची गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. पुढच्या गाडीत जागा मिळेपर्यंत सामानावर बसून तासन्‌तास काढावे लागले. जर्मनीत बहुतेक गाड्यांना असे आरक्षण सक्तीचे नाही. इटलीच्या वेगवान गाड्यांना मात्र आहे. इटलीतील प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात छापून घेतले नाही, तर तिकीट खिशात असूनही दंड बसू शकतो. उलटपक्षी, युरोपीय संघाच्या नियमांनुसार गाडीला एक तास उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांहून अधिक झाल्यास निम्मे भाडे, काही अपवाद वगळता, मागता येते. मागणाऱ्यालाच ते मिळते.

व्यापारी घराने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. दुकानातील कार्डयंत्र अनेकदा विचारते, रक्कम रुपयांत आकारू की युरोत? रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे वळते. पण तेथे विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महागच पडतो. युरो निवडणे हिताचे.

ताटातला प्रश्न

जेवणाच्या बाबतीत थोरल्यांची बाजू भक्कम होती. कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. हे सारे परक्या देशात, परक्या भाषेत कोण समजावून सांगणार?

परंतु ऋतू योग्य निवडला, तर वेळेची अडचण वाटते तेवढी मोठी राहत नाही. मेअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, रोममध्ये साडेआठच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्यास तेथे वेळच वेळ मिळतो. डिसेंबरात मात्र पॅरिसचा सूर्यास्त पाचच्या आत होतो आणि बहुतेक भोजनगृहांची सायंकाळची चूल त्यानंतर कितीतरी वेळाने पेटते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दुपारचे जेवण हेच मुख्य जेवण मानावे.

पदार्थांचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. 'शाकाहारी' लिहिलेल्या पास्त्यावर किसलेले पार्मेजान चीज असते, आणि त्या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरलेले असते. लाल रंगाच्या मिठाईवर ई 120 असा क्रमांक दिसला, तर तो रंग कीटकांपासून बनलेला आहे असे समजावे. काही दह्यांत आणि बहुतेक चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असते. 'व्हीगन' हा शब्द दूध, अंडे व प्राणिज घटक यांच्यापासून वाचवतो, कंदमुळांपासून नाही. झुरिचमध्ये 1898 पासून चालू असलेले हिल्टल हे शाकाहारी भोजनगृह आहे. तेथेही कांदा-लसणाची चौकशी करावीच लागते.

या चौकशीसाठी मुलीने एका वहीत तीन भाषांतील शब्द उतरवून घेतले होते. 'शिवाय' यासाठी फ्रेंचमध्ये 'सां', इटालियनमध्ये 'सेन्झा', जर्मनमध्ये 'ओने'. कांदा म्हणजे अनुक्रमे 'ओन्यों', 'चिपोला', 'त्स्वीबल'. लसूण म्हणजे 'आय', 'आल्यो', 'क्नोबलाउख'. फ्लॉरेन्सच्या एका लहान भोजनगृहात तिने 'सेन्झा चिपोला, सेन्झा आल्यो' म्हटले आणि वाढप्याने आत जाऊन आचाऱ्यालाच बाहेर आणले. टोमॅटो, तुळशीसारखी पाने आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर त्याने पास्ता करून दिला.

सामानाविषयीही सावध असावे. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध व दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. तूप, पनीर, पेढे घरीच ठेवावेत. हापूस आंबाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. खाकरा, मेतकूट, भाजलेली मूगडाळ हेच खरे सोबती.

चूल कोणाची?

स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेतली की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. तेथील भांड्यांत आधी काय शिजले असेल, ही शंका असतेच. म्हणून या कुटुंबाने स्वतःचे पातेले नेले. ते होते अॅल्युमिनियमचे, आणि ब्रसेल्सची शेगडी होती इंडक्शनची! त्या शेगडीवर चुंबक चिकटेल असेच भांडे तापते. पहिल्याच सायंकाळी नवे पातेले विकत घ्यावे लागले. बंद खोलीतील फोडणीने धुराची घंटा वाजते, हेही तेथेच कळले.

खरी तक्रार मात्र पातेल्याची नव्हती. दिवसभर इतरांबरोबर तेवढेच चालायचे आणि परतल्यावर इतर पाय पसरत असताना खिचडी टाकायची, असे चार दिवस झाल्यावर धाकट्यांच्या पत्नी झुरिचमध्ये म्हणाल्या होत्या, "देश बदलले, माझे काम बदलले नाही." त्यानंतर वाटणी झाली. दिवसातून एकदाच शिजवायचे. भाजी वडिलांनी चिरायची, भांडी मुलांनी घासायची. फ्लॉरेन्स आणि रोमचे दिवस त्यामुळेच सुखाचे गेले. हा धडा इचलकरंजीतच घेता आला असता, हे धाकट्यांनी त्या रात्री सर्वांसमोर मान्य केले.

परिमाण

आई इतका वेळ ऐकत होत्या. सहलीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. गुडघे दुखत असताना बस दाराशी आली, बॅग कोणी तरी उचलली, ताट वेळेवर समोर आले. त्यांच्या वयाला हे थोडे नव्हते. त्यांनी नातीला एवढेच विचारले, "नियम सांभाळलास ना गं?"

नात म्हणाली, "आजी, घरी नियम पाळते ते तू वाढतेस म्हणून. तिथे प्रत्येक वेळी मलाच ठरवावं लागलं. एकदा चुकलेही. दह्याचा डबा अर्धा खाऊन झाल्यावर मागचं वाचलं."

थोरल्यांना यात आपल्या म्हणण्याचा पुरावा दिसला. महाराज सोबत असता तर चूक झालीच नसती. आईंना मात्र वेगळेच दिसले. "चुकली, पण तिनं वाचलं तरी. मी बारा दिवसांत एकदाही काही वाचलं नाही," त्या म्हणाल्या.

मग धाकट्यांनी भ्रमणध्वनीवर अँटवर्पच्या विल्राइक उपनगरातील संगमरवरी जैन मंदिराचे छायाचित्र दाखवले. हिऱ्यांच्या व्यापारासाठी तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी ते उभारले आहे. ब्रसेल्सहून अँटवर्पला रेल्वेने तासही लागत नाही. सहलीची बस ब्रसेल्सला दोन तास थांबली होती. चौक दाखवून, चॉकलेटची खरेदी उरकून ती पुढे निघाली. "इतक्या जवळ होतं?" आईंनी छायाचित्र बराच वेळ पाहिले.

वाद तेथे संपला नाही, पण त्याचे वळण बदलले. सात देश बारा दिवसांत पाहणारा थोरला भाऊ आणि पाच शहरांसाठी गाड्यांमागे धावणारा धाकटा, दोघांची चूक एकच होती. दोघांनीही मर्यादा ठरवली नव्हती. श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत दिशांची मर्यादा घालायला सांगते. ते प्रवासाच्या सोयीसाठी सांगितलेले नाही. त्याचा हेतू हिंसा आणि लोभ आवरण्याचा आहे. तरीही आणखी एक शहर, आणखी एक देश, या हव्यासाला ते व्रत नेमके ओळखते. ज्येष्ठांबरोबर पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सहल निवडावी, त्यात कमीपणा नाही. स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांनी ठिकाणे निम्मी करावीत आणि कामे वाटून घ्यावीत.

त्या रात्री पुढच्या मे महिन्याचा बेत आईंनीच सांगितला. दोन्ही कुटुंबे एकत्र, ठिकाणे तीनच, आणि पहिले अँटवर्प. चूल दिवसातून एकदा.

"आणि भांडी?" थोरल्या सुनेने विचारले.

आईंनी दोन्ही मुलांकडे पाहिले. थोरले बंधू हसून उठले आणि त्यांनी स्वतःचे ताट उचलले.